बिटाचा शेजार

संगणकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या-दुसऱ्या पानावरच सांगितलेले असते, की बिट हा माहितीचा सर्वांत लहान घटक होय आणि त्याची किंमत शून्य किंवा एक असते. विधान बरोबर आहे. मात्र ते वाचून विद्यार्थ्यांचा एक समज होतो, तो तपासून पाहायला हवा. जो घटक सर्वांत लहान, तो एकटा उचलता येत असणार आणि एकटा बदलताही येत असणार, असा हा समज. प्रत्यक्षात आज आपल्या टेबलावरच्या आणि खिशातल्या जवळजवळ सर्व संगणकांत स्मृतीतील एकट्या बिटाला पत्ताच नसतो. पत्ता असतो आठ बिटांच्या गटाला, म्हणजे बाइटला. गावात घरांना क्रमांक असतात, घरातल्या माणसांना नसतात, तसेच हे. एक बिट बदलायचा तर निदान त्याचे सात शेजारी सोबत उचलावे लागतात. पुष्कळदा एकतीस किंवा त्रेसष्टही.

किती शेजारी उचलायचे, हे कोण ठरवते? आज्ञावली लिहिणारा, यंत्र बनवणारा, की या दोघांच्या मध्ये बसून माणसाच्या भाषेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर? या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात ते उत्तर कंपायलरच्या मर्जीवर, आणि तो चालवताना दिलेल्या लहानमोठ्या सूचनांवर अवलंबून होते. त्या काळाची ही हकीकत आहे.

प्रत्येक बिटाला स्वतंत्र पत्ता देण्याचा प्रयत्न कोणी केलाच नव्हता असे नाही. आयबीएम कंपनीचा ‘स्ट्रेच’ हा महासंगणक १९६१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत दाखल झाला. त्यात प्रत्येक बिटाला पत्ता होता, आणि एका ते आठ बिटांचा कोणताही गट उचलता येत असे. ‘बाइट’ हा शब्दही याच प्रकल्पातला. वेर्नर बुखोल्झ यांनी तो १९५६ मध्ये सुचवला. इंग्रजीतील ‘घास’ या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग त्यांनी मुद्दाम बदलले, कारण एक अक्षर गळले तर ‘बाइट’चा ‘बिट’ होऊन घोटाळा झाला असता. स्ट्रेच अपेक्षेइतका वेगवान ठरला नाही आणि कंपनीला त्याची किंमत उतरवावी लागली. पुढे १९६४ साली आयबीएमनेच जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ या मालिकेत बाइट आठ बिटांचा ठरला आणि पत्ताही बाइटलाच मिळाला. पुढच्या बहुतेक यंत्रांनी हीच वाट धरली.

पण बिटांची गरज संपली नव्हती. १९७० च्या सुमारास स्मृती महाग होती. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ज्या पीडीपी-११ यंत्रावर ‘सी’ भाषा घडवली, त्याचे पत्ते सोळा बिटांचे होते. म्हणजे एका आज्ञावलीला एका वेळी दिसणारी स्मृती ६५,५३६ बाइटांची. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच साठवण्यासाठी तिथे दोन बाइटांची पूर्णांक-पेटी खर्च करणे ही उधळपट्टीच. म्हणून ‘सी’मध्ये ‘बिटफील्ड’ ही सोय आली. ब्रायन कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात तिचे वर्णन आहे.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याच्या नोंदीत इयत्ता, तुकडी आणि हजेरी एवढेच हवे आहे. इयत्ता १ ते १०, तिला चार बिट पुरतात. आठपर्यंत तुकड्यांना तीन बिट आणि हजेरीला एक. एकूण आठ, म्हणजे बरोबर एक बाइट. तीन स्वतंत्र पूर्णांक वापरले असते तर पीडीपी-११ वर सहा बाइट लागले असते. हजार विद्यार्थ्यांसाठी सहा हजारांऐवजी एक हजार बाइट, हा लाभ लहान नाही.

समजा, इयत्ता सर्वांत उजवीकडे, तिच्या डावीकडे तुकडी आणि अगदी डावीकडे हजेरी आहे. नववीतला, तुकडी क्रमांक २ मधला, गैरहजर विद्यार्थी असा दिसेल: ० ०१० १००१. सलग वाचले तर ००१०१००१, दशमान पद्धतीत ४१. आता त्याला दहावीत घालायचे आहे. आज्ञावलीत आपण एवढेच लिहितो, की इयत्ता बरोबर १०. कंपायलरला मात्र तीन पायऱ्यांचे काम करावे लागते. आधी पूर्ण बाइट वाचायचा: ४१. मग ११११०००० या चाळणीने इयत्तेचे चार बिट पुसायचे, उरतात ३२. त्यात १०१० मिसळायचे, होतात ४२. आणि तो ४२ पुन्हा जागेवर लिहायचा. वाचा, बदला, परत लिहा. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावे. पुढची सगळी गुंतागुंत याच तीन पायऱ्यांत दडलेली आहे.

त्या काळच्या पुस्तकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकली होती, की बिटफील्डबाबत जवळजवळ सगळेच यंत्रागणिक बदलते. पीडीपी-११ वर फील्ड उजवीकडून डावीकडे भरली जात, इतर काही यंत्रांवर डावीकडून उजवीकडे. तसे झाले तर आपला तोच विद्यार्थी ४१ न राहता १००१०१००, म्हणजे १४८ होतो. एकाच यंत्रावर हा फरक कळतही नाही. माहिती तारेतून दुसऱ्या यंत्राकडे गेली की घोटाळा होतो. इंटरनेटवरील प्रत्येक आयपी पुडक्याच्या पहिल्या बाइटात चार-चार बिटांच्या दोन संख्या असतात. लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत त्यांचे वर्णन दोनदा, उलटसुलट क्रमाने लिहून ठेवावे लागले आहे, आणि कोणते घ्यायचे हे यंत्र पाहून ठरते.

दुसरा घोटाळा चिन्हाचा. हजेरीचा एकच बिट साध्या पूर्णांक प्रकारचा म्हणून जाहीर केला, तर तो चिन्हांकित मानायचा की नाही, हेही १९८९ च्या अमेरिकन मानकाने कंपायलरवर सोपवले. चिन्हांकित मानला तर त्या एकुलत्या एका बिटात मावणाऱ्या किमती शून्य आणि उणे एक! मग ‘हजेरी बरोबर १ आहे का’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही आणि सगळा वर्ग कायम गैरहजर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला जीसीसी हा कंपायलर अशी फील्ड एरवी चिन्हांकित मानतो, पण तसे मानू नये अशी सूचना त्याला देता येते. आज्ञावलीतले एक अक्षरही न बदलता, केवळ या सूचनेने गैरहजर वर्ग हजर होतो.

आता ‘वाचा, बदला, परत लिहा’कडे वळू. एका शाळेच्या कार्यालयात असा नियम आहे असे समजा, की हजेरीपटावर खाडाखोड करायची नाही. पान काढून न्यायचे नाही. त्याची नक्कल करायची, नकलेत दुरुस्ती करायची आणि जुन्या पानाच्या जागी ती लावायची. एका बाईंनी पाचव्या ओळीतील दुरुस्तीसाठी पानाची नक्कल करायला घेतली. तेवढ्यात एका सरांनी सहाव्या ओळीसाठी तेच केले आणि आपले नवे पान लावून ते गेले. नंतर बाईंनी आपले पान लावले. त्यांच्या नकलेत सहावी ओळ जुनीच होती. सरांची दुरुस्ती नाहीशी झाली, आणि गंमत म्हणजे दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या ओळीला हात लावला नव्हता.

एकच आज्ञावली, एकच प्रोसेसर असेल तोवर हा प्रसंग क्वचित येतो. १९९० नंतर एकाच स्मृतीवर एकाच वेळी काम करणारे प्रोसेसर आणि एकाच आज्ञावलीचे समांतर चालणारे धागे वाढले, तसा तो नेहमीचा झाला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा १९९२ मधील ‘अल्फा’ हा प्रोसेसर याचे ठळक उदाहरण. तो त्या काळातील अतिशय वेगवान प्रोसेसरांपैकी होता. पण वेगासाठी रचनाकारांनी त्यात एकट्या बाइटचे वाचन-लेखन ठेवलेच नव्हते. स्मृतीशी व्यवहार ३२ किंवा ६४ बिटांचाच. म्हणजे बिटफील्ड दूरच, शेजारी ठेवलेली दोन साधी अक्षरेदेखील एकाच हजेरीपटाच्या ओळी झाल्या. त्या कंपनीच्या ‘सी’ कंपायलरमध्ये म्हणून ‘ग्रॅन्युलॅरिटी’ नावाची सूचना होती. निरनिराळ्या धाग्यांनी सुरक्षितपणे हाताळता येईल असा सर्वांत लहान तुकडा केवढा, हे तिने सांगायचे: एक बाइट, चार की आठ. काहीच सांगितले नाही तर आठ. बाइट म्हटले, तर कंपायलर जास्तीच्या आज्ञा घालून शेजाऱ्याचे रक्षण करी आणि आज्ञावली मंद होई. सुरक्षितता ही अशी विकत घ्यायची वस्तू झाली होती. आमच्या मते या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक टप्पा आहे. किंमत निदान उघड लिहिलेली होती. कंपनीने १९९६ मधील सुधारित अल्फामध्ये बाइटच्या आज्ञा आणल्या, यावरून काय ते कळते.

इतरत्र मात्र किंमत झाकलेलीच राहिली. ‘सी’चे मानक धाग्यांविषयी मुळी बोलतच नव्हते. कंपायलर असे गृहीत धरी, की स्मृतीत माझ्याखेरीज कोणी नाही. शेजाऱ्याची किंमत वाचून जशीच्या तशी परत लिहिली तर काय बिघडले? २००५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या संशोधन विभागातील हान्स बोम यांनी एका शोधनिबंधात या गृहीतकावर बोट ठेवले. भाषेच्या व्याख्येतच धागे आणल्याशिवाय, केवळ एखादी जोड-आज्ञावली देऊन समांतर काम बिनचूक करता येणार नाही, असे त्यांनी दाखवले. आणि त्यांच्या उदाहरणांत एकाच शब्दातील दोन बिटफील्डांचे उदाहरण होते. जावा भाषेने त्याआधीच, २००४ मध्ये, शेजाऱ्याला धक्का लावायचा नाही असा नियम केला होता, पण जावामध्ये बिटफील्डच नाहीत.

‘सी’चे नवे मानक डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात प्रथमच नियम आला. लागून असलेली बिटफील्ड मिळून स्मृतीची एकच जागा समजायची. त्यांतील एक बदलताना दुसरे उचलले गेले तर ते लिहिणाऱ्याने सांभाळावे. पण बिटफील्ड नसलेला शेजारी ही वेगळी जागा होय, आणि तिच्यावर कंपायलरने आगंतुकपणे लिहिता कामा नये. दोन बिटफील्डही एकमेकांपासून तोडायची असतील, तर मध्ये शून्य रुंदीचे फील्ड टाकावे. शून्य रुंदीची भिंत! सोय जुनी होती, अर्थ नवा मिळाला.

यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, सुसे कंपनीतील यान कारा यांनी लिनक्सच्या विकासकांपुढे एक दोष मांडला. ‘बीटीआरएफएस’ या फाइल-व्यवस्थेतील एका नोंदीत ३२ बिटांचे एक कुलूप होते आणि त्याला लागून एका बिटाचे फील्ड. कुलूप म्हणजे ‘आत कोणीतरी काम करते आहे, थांबा’ असे सांगणारी संख्या. इटॅनियम प्रोसेसरसाठी जीसीसीने तयार केलेल्या आज्ञा पाहिल्या, तेव्हा कळले की तो एक बिट बदलण्यासाठी कंपायलर ६४ बिट वाचत होता आणि ६४ बिट परत लिहीत होता. त्या चौसष्टात कुलूप सापडत होते. एका प्रोसेसरने कुलपासकट नक्कल घ्यावी, दुसऱ्याने तेवढ्यात कुलूप उघडावे, आणि पहिल्याने आपली नक्कल परत लावून ते पुन्हा बंद करून टाकावे! आत कोणी नाही आणि दार बंद. कुलपाची किंमत प्रत्यक्षात बिघडलेली सापडली होती. हा कागदावरचा तर्क नव्हता. लोकांच्या फाइली सांभाळणाऱ्या आज्ञावलीत हे घडत होते.

यावर वाद झाला. जुन्या मानकात हे निषिद्ध नव्हते, हा कंपायलरवाल्यांचा मुद्दा शब्दशः खरा होता. लिनस तोरवाल्ड्स यांना तो मुळीच पटला नाही. आमचे मत विचाराल तर नियम नसला तरी अपेक्षा रास्त होती: ज्याने एका बिटाचे नाव घेतले, त्याच्या शेजारचे स्वतंत्र नाव असलेले कुलूप ढवळण्याचा अधिकार कंपायलरला कोणी दिला? पुढे जीसीसीत दुरुस्ती झाली. अनावश्यक लेखनाला मुभा देणारी एक सूचना त्यात आजही आहे, पण ती मागितल्याशिवाय लागू होत नाही. अपवाद ‘ओ-फास्ट’ या वेगापुढे सगळे गौण मानणाऱ्या पातळीचा. ती निवडली की ही मुभाही गुपचूप मिळते.

हे झाले स्मृतीचे. ज्या पत्त्यांमागे स्मृती नसून यंत्रसामग्री असते, तिथे प्रश्न आणखी बिकट होतो. मोटार चालू-बंद करणारा, तापमान सांगणारा भाग प्रोसेसरला स्मृतीतील पत्त्यासारखाच दिसतो. त्याला नोंदपेटी म्हणू. अशा जागांसाठी १९८९ च्या मानकाने ‘व्होलाटाइल’ हा शब्द दिला. तो लावला की आज्ञावलीत लिहिलेले प्रत्येक वाचन-लेखन खरोखर व्हायला हवे, कंपायलरने ते गाळायचे किंवा एकत्र करायचे नाही. पण ते किती रुंदीचे असावे? तेही मानकाने कंपायलरवरच सोडले. काही नोंदपेट्या मात्र हट्टी असतात. १६ बिटांनीच हाताळा म्हटले की १६ नीच. ३२ ने हात लावला तर शेजारच्या पेटीलाही धक्का बसतो. आणि काही पेट्यांत तर नुसते वाचले तरी आतली किंमत बदलते.

म्हणून २०११ मध्ये जीसीसीच्या ४.६ आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट व्होलाटाइल बिटफील्ड्स’ ही सूचना आली. ती दिली की फील्ड ज्या प्रकारचे म्हणून जाहीर केले, त्याच रुंदीने आणि एकाच दमात ते हाताळायचे. न दिल्यास कंपायलरला जे सोयीचे ते. एआरएम प्रोसेसरांच्या जुळणी-नियमांत हाच आग्रह असल्याने तिथे ती आपोआप लागू झाली. आता पेच पाहा. ३२ बिटांच्या प्रकारात एकच बिट जाहीर केला आणि त्याच ३२ बिटांत पुढे एक साधे अक्षर ठेवले, तर ही सूचना म्हणते पूर्ण ३२ बिट लिहा, आणि नवे मानक म्हणते त्या अक्षराला हात लावू नका. दोन्ही आज्ञा पाळणे अशक्य. जीसीसीने शेवटी मानकाला झुकते माप दिले, आणि वापरणाऱ्यांना सुचवले की प्रकाराचे सगळे बिट फील्ड म्हणूनच जाहीर करावेत, म्हणजे भांडणाला जागाच उरणार नाही.

एका ठिकाणी मात्र कोणतीही सूचना कामाला येत नाही. पुष्कळ नोंदपेट्यांत ‘अमुक घडले’ हे सांगणारे बिट असतात आणि ते पुसण्याची रीत उलटी असते: ज्या बिटावर १ लिहाल तो शून्य होतो. समजा, पेटीत ००००१००१ आहे, म्हणजे दोन घटना वाट पाहत आहेत. पहिली पुसण्यासाठी आपण त्या फील्डात १ भरतो. कंपायलर इमानेइतबारे ००००१००१ वाचतो, उजवीकडचा बिट १ करतो (तो होताच) आणि ००००१००१ परत लिहितो. दोन्ही घटना पुसल्या जातात; दुसरीची दखल कोणी घेतलेलीच नसते. रुंदी बरोबर, वाचन-लेखनही नियमाप्रमाणे, आणि तरीही उत्तर चूक. येथे बिटफील्ड न वापरता ०००००००१ ही संख्या सरळ लिहिणे हाच मार्ग.

ज्या शाळा-महाविद्यालयांत लिनक्स असलेला संगणक आहे, तेथे यातला काही भाग विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येईल. (मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र उभे राहिले होते आणि तेथे शिक्षकांसाठीही कार्यशाळा झाल्या. म्हणजे हा विषय आपल्याकडे अगदीच परका नाही.) वर दिलेली तीन फील्डांची नोंद चिन्हरहित प्रकारात जाहीर करावी. एक छोटे फलन लिहावे. त्याला नोंदीचा पत्ता द्यावा आणि आत इयत्ता ९, तुकडी २, हजेरी १ अशी तीन विधाने असावीत. मग यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा रूपात कंपायलरकडून मागाव्यात.

आधी सुधारणेची पातळी शून्य ठेवावी. प्रत्येक विधानासाठी वाचन, चाळणी, मिसळण आणि लेखन वेगवेगळे दिसेल. तीन वेळा वाचन, तीन वेळा लेखन. मग पातळी दोन ठेवावी. जीसीसीच्या ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, शेजारशेजारची अशी लेखने एकत्र करणारा टप्पा या पातळीवर चालू असतो. आठही बिटांच्या किमती आधीच ठाऊक असल्याने वाचण्याची गरजच उरत नाही, आणि सगळे काम एका बाइटच्या एका लेखनात आटोपते. लिहिलेली संख्या १०१०१००१, म्हणजे १६९. कंपायलर ती चिन्हांकित रूपात छापत असल्याने कागदावर कदाचित उणे ८७ दिसेल; २५६ मधून ८७ वजा करून पाहायला विद्यार्थ्यांना सांगावे. शेवटी नोंदीला ‘व्होलाटाइल’ हा शब्द जोडून पातळी दोनवरच पुन्हा आज्ञा काढाव्यात. तीन वाचने आणि तीन लेखने परत आलेली दिसतील.